वल्ही उभी धरून

हे लिहायचं मी टाळतच होतो. पण ब्लेझ ही गोष्ट गावभर सांगत सुटलाय आणि दर खेपेला ऑगीला थोडा जास्तच घाबरलेला दाखवतो. म्हणून झालं तेवढंच लिहितो.

होडी काठाजवळ आली आणि सगळ्यांनी वल्ही उभी धरली. आता कुणी वल्हवायचं नाही. दुसऱ्यांच्या किनाऱ्यावर आम्ही असंच जातो. थांबायचं, एकाने उभं राहायचं, आपण कोर-डलेन जमातीचे लोक आहोत, कुठून आलो, हे आपल्या भाषेत सांगायचं आणि उतरू का म्हणून विचारायचं. काठावर कॉलव्हिल जमातीची माणसं जमली होती. ती 'या' म्हणाली की मगच पाय टेकायचा.

दरवर्षीच्या होडीफेरीत हे फिलोमिना मावशी विचारायची. मार्चमध्ये तिला झटका आला आणि तिचे शब्दच गेले. 'हो' नाही, 'पाणी' नाही, काहीच नाही. तरी ती त्या दिवशी होडीत होती. शालीवर लाइफ जॅकेट, मनगटाला जपमाळ. आणि विचारायचं काम ऑगीवर आलं होतं.

"ऊठ," मागून ब्लेझ म्हणाला. तो सुकाणूला होता.

"उठतोय."

"मघापासून उठतोयस. वारा आपल्याला पार कॅनडात नेईल."

चार वाक्यं होती. मावशीच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून ऑगीने ती घोकली होती, तो कामाला आहे त्या कॅसिनोच्या किचनमध्ये, कोल्ड रूमचं दार आतून ओढून. ब्लेझ म्हणायचा, तिथल्या गोठवलेल्या कोंबड्या आता आपल्यापेक्षा बरी भाषा बोलतात. सकाळपर्यंत चारही येत होती. आता डोक्यात नुसता वारा.

तो उभा राहिला. एका खोडातून कोरलेली होडी, जरा काही झालं की कलते. ती कलली. कुणीतरी शिवी दिली. ऑगीने गुडघे आवळले आणि समोर बघितलं. काठावर सगळे वाट बघत होते. एक मुलगी विणलेली टोपी घालून पुढे उभी होती. उत्तर द्यायचं काम तिचं असावं, कारण तिचे ओठ हलत होते. तीही घोकतच होती.

पहिला शब्द. पहिला तरी.

नाही.

"इंग्लिशमध्ये विचारून टाक ना," ब्लेझ हळू आवाजात म्हणाला. "गेल्या वर्षी दोन होड्यांनी विचारलं. कुणी खाल्लं नाही त्यांना."

"मावशी बसलीय."

ब्लेझने सुकाणू जरा वळवून होडी सरळ केली.

ऑगीने खाली पाण्याकडे पाहिलं. बरोबर इथेच खाली धबधबा होता. धरण झालं आणि तो बुडाला, सॅल्मन मासे यायचे बंद झाले. म्हातारे सांगायचे, त्याचा आवाज कितीतरी मैलांवर जायचा. आता वाऱ्याने होडी त्याच्या डोक्यावरून आडवी सरकत होती आणि कुठे काही आवाज नव्हता. ऑगीचाही नव्हता.

मग त्याने तोंड उघडलं, आणि भाषा आली. न अडखळता आली, एकामागून एक ओळ. क्षणभर त्याला इतकं हलकं वाटलं. तिसऱ्या ओळीला त्याच्या लक्षात आलं. ही ती चार वाक्यं नव्हती. ही मयताची प्रार्थना होती. मयताजवळच्या जागरणाला जपमाळ संपली की म्हणतात ती, शवपेटीवर झाकण ठेवायच्या आधीची. कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर पेंगत, मावशीच्या आवाजात, लहानपणापासून ऐकलेली. भाषेतलं न शिकता आलेलं त्याच्याकडे एवढंच होतं.

थांबताही येईना. ही प्रार्थना आम्ही अर्धी सोडत नाही.

काठावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मग दुसऱ्याने. मग सगळ्याच टोप्या उतरल्या. कुणी छातीवर क्रुसाची खूण केली.

"ऑगी," मागून ब्लेझचा दबका आवाज. "कोण मेलं?"

ऑगी अडखळला. पुढची ओळ लांबच राहिली, आणि तेवढ्यात ती त्याच्या पाठीमागून आली. खरखरीत, गंज चढलेल्या कडीसारखी. मावशी होती. शब्दन् शब्द बरोबर. ती पुढे गेली, ऑगी तिच्यामागून गेला, मग होडीतले एकेक जण, ज्याला जेवढी येते तेवढी. आमेनपर्यंत.

ऑगी जपून वळला. मावशी त्याच्याकडे बघत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, नुसतं "अं… अं…" झालं. मग तिने हात झटकला, राहू दे म्हणून.

काठावरची मुलगी गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली. याचं उत्तर तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी तिच्या शेजारची म्हातारी दोन पावलं पुढे आली. ती होडीकडे नाही, होडीखालच्या पाण्याकडे बघत होती, बराच वेळ.

"मयतीला आलात," ती म्हणाली, "तर जेवल्याशिवाय जायचं नसतं. उतरा."

आधी ती मुलगी हसली. मग सगळेच.

होडी वाळूत ओढून झाली. मावशी घडीच्या खुर्चीवर बसून सॅल्मन खात होती, काटे काढून नीट बाजूला ठेवत. ब्लेझने ताट आणून ऑगीपुढे धरलं.

"म्हणजे उद्या मी मेलो," तो म्हणाला, "की तू माझ्या पेटीपाशी उभा राहणार, आणि घाबरून उतरायची परवानगी मागणार."

ऑगी हसला नाही. त्याने ताट घेतलं.

"मागीन," तो म्हणाला. "चारही वाक्यं पाठ ठेवतो. तुझ्यासाठी मागीन."