जुन्या फोनची सोय

आमची कंपनी कानाच्या मशीनचं ॲप बनवते. मशीन कानात आणि त्याची सगळी सूत्रं फोनमध्ये. आठ वर्षांपूर्वीच्या फोनवरही ते चालावं म्हणून मी दर महिन्याला डोकेफोड करायचे. शेवटी मीटिंगमध्ये मी भडकले, "या जुन्या फोनवाल्यांना किती दिवस कडेवर घेऊन फिरायचं?"

टेस्टिंगच्या ताई एकट्याच म्हणाल्या, "अगं, जुने फोन वापरणारेच तर आपलं मशीन लावतात." पण आवाज माझा मोठा होता. शुक्रवारी आम्ही जुन्या फोनची सोय बंद केली.

तरी मन खात होतं. रविवारी आईबाबांकडे गेले आणि बाबांसमोर बसून सगळं बोलून टाकलं. जुन्यापायी नवं कसं अडतं, कुठेतरी थांबावंच कसं लागतं, सगळं. एरवी बाबा माझं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाहीत. त्या दिवशी अर्धा तास नुसती मान डोलावत होते. उठताना त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलंसुद्धा. मला अगदी भरून आलं.

स्वयंपाकघरात जाऊन मी आईला म्हटलं, "बघ, बाबांना माझं सगळं पटलं."

"पटायला आधी ऐकू यायला हवं ना! शुक्रवारपासून त्यांचं मशीन बंद पडलंय. तू दिलेल्या त्या जुन्या फोनवर सारखं येतंय, 'कृपया नवीन फोन घ्या.' कोण मेला लिहितो गं असलं?"