अर्धा अधिक एक तृतीयांश

आखातातल्या उम्म अल कुवैनमधल्या सूर्यकांतच्या मसाल्याच्या कारखान्यात काबूलची जरमीना पॅकिंग करायची. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर कुणालातरी दटावायची. “नवऱ्याशी भांडतेस?” सूर्यकांतनं हिंदीत विचारलं. “नाही सेठ, गणित शिकवते. तिकडे सहावीनंतर मुलींना शाळा बंद.” तिनं फोन वळवला. पडद्यावर आपापल्या घरांत लपून शिकणाऱ्या बारा मुली होत्या. सूर्यकांतला राहवेना. त्यानं त्यांची बेरीज खोक्यावर मार्करनं सोडवून फोनसमोर धरली: अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश. बाराही जणी खदखदून हसल्या. “हळू! आवाज रस्त्यावर जाईल,” जरमीना घाबरून म्हणाली. सगळ्यांनी तोंडावर हात धरले. सूर्यकांतही कुजबुजत म्हणाला, “मग बरोबर उत्तर काय?” एका मुलीनं फारसीत काहीतरी सुनावलं. जरमीनानं हसू दाबत अर्थ सांगितला, “सेठनी शाळेत जावं. त्यांना कुठं बंदी आहे?” दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला.