मऊ सुती टोपी

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून हेमराजनं फोन उघडला, आणि बैलांच्या शंकरपटाचा व्हिडिओ सुरू व्हायच्या आधीच ती टोपी पुन्हा समोर आली. जांभळी, मऊ, सुती. टोपी घातलेली बाई हसत होती. खाली लिहिलं होतं, ‘कीमोत केस गेले? टाळूला न टोचणारी टोपी.’

त्यानं फोन पालथा ठेवला. पुन्हा उचलला.

सुरुवात आल्याच्या गोळ्यांच्या जाहिरातीनं झाली होती. मळमळीवर हमखास उपाय. तेव्हा त्याला भलताच संशय आला आणि पन्नाशीला टेकलेल्या बायकोकडं, चंचलकडं, बघून तो मनातल्या मनात लाजलाही. मग तोंड आल्यावर गुळण्या करायचं औषध दिसायला लागलं. मग ही टोपी. कारंज्यात हायवेवर ट्रकचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या माणसाचा या तिन्हींशी संबंध काय?

शेवटी शेजारच्या मोबाईलवाल्या भैयाजींना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मी तं काईच मांगवलं नाई भैयाजी. मंग हे मलेच काऊन दिसून राह्यलं?”

“तुमी नाई तं वहिनीनं मांगवलं असन. घरी एकच वायफाय हाये न? दवाईच्या अ‍ॅपवर कोनी काय घेतलं, ते या व्हिडिओवाल्या कंपन्याइले समजते. मंग घरातल्या साऱ्याच फोनवर तेच दाखवत बसते.”

“पन दवाई तं घरातली गोष्ट हाये!”

“आता कायची घरातली?” भैयाजी हसले. मग हसता हसता थांबले. “काऊन, कोनाले काई झालं काय?”

“छे! कोनाले काय होते?”

हेमराज घाईघाईनं दुकानात परतला. भैयाजींना कळलं म्हणजे बसस्टँडपर्यंत कळलं. आधी त्याचा नुसता जळफळाट झाला. सख्ख्या नवऱ्यापासून बायको लपवते, आणि कुठल्या कोण परक्या कंपनीला सगळं ठाऊक! मग राग ओसरला. चंचलला कॅन्सर आहे. ती मरेल.

आता एकेक गोष्ट आठवायला लागली. महिन्यापूर्वी त्याच्या मानेवरची चरबीची गाठ काढायला दोघं नागपूरला गेले होते. टाके काढायच्या दिवशी त्याचं ड्रेसिंग होईपर्यंत चंचल डॉक्टरीणबाईंकडं एकटीच आत गेली आणि डोळे पुसत बाहेर आली. “माहं बायकाचं दुखनं हाये, तुमी नोका विचारू,” म्हणाली. त्यानंही विचारलं नाही. चुकलंच त्याचं.

तेव्हापासून तिचं जेवण तुटलं होतं. सोमवार धरले होते. तिच्या भावाचा, नीलेशचा, फोन आला की ती अंगणात जाऊन हळू आवाजात बोलायची. स्वीटीचं लग्न तोंडावर आलेलं, घरात पापड, साड्या, पत्रिकांचा पसारा. पण लेकीच्या लग्नाचा आनंद काही तिच्या तोंडावर दिसत नव्हता. परवा त्याच्यासाठी आयता बांधलेला फेटा ऑनलाइन मागवायचा म्हणून तिनं शिलाईची टेप त्याच्या डोक्याभोवती गुंडाळली, तर टेप दोनदा तिच्या हातातून सुटली. तिच्या अंगात ताकद उरली नाही, एवढंही आपल्याला समजू नये?

त्याची स्वतःची झोप उडाली होती. रात्री बनियन घामानं ओलं व्हायचं. काळजीनं, दुसरं काय. सकाळी उठून तो चोरासारखा तिचा कंगवा बघायचा. दोन-चार केस असायचे. पण पूर्वी किती असायचे, हे या माणसानं उभ्या संसारात कधी पाहिलंच नव्हतं.

भर दुपारी त्यानं शटर खाली ओढलं आणि घर गाठलं. स्वीटी ब्लाउज शिवायला टाकायला आर्वीला गेली होती. चंचल चुलीशेजारी बसून तीळ निवडत होती.

“मले सारं माहीत झालं,” तो दारातूनच म्हणाला.

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. “कोनं सांगतलं? नीलेशनं?”

“फोननं.”

तिनं सूप खाली ठेवलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “स्वीटीचं लगन तेवढं होऊ द्याव म्हनलं. मंग सांगनारच होती मी.”

“एवढं सारं एकटीनं पचवून राह्यली तू?”

“मंग काय करू? लगनघर हाये. तुमी हातपाय गाळून बसले असते.” तिनं डोळे पुसले. “लवकर सापडलं म्हनते डॉक्टरीन. बरं होते म्हनते. पक्कं बरं होते.”

“होईनच. अन् हरेक बारीले दवाखान्यात मी सोबत राहीन. एक बारी चुकनार नाई.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. रडता रडता तिला हसू आलं. “तुमाले तं राहाच लागन न.”

या बाईवर आपलं किती प्रेम आहे, हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि आताही त्याला ते शब्द सापडेनात. म्हणून त्यानं भलतंच विचारलं.

“टोपी आली काय?”

तिनं मान डोलावली. उठून पापडाच्या डब्यामागून एक पुडकं काढलं. जांभळी नव्हती, साधी राखी होती.

“पाहू दे,” तो म्हणाला. “कशी दिसते ते पाहू दे.”

चंचलनं हात पदराला पुसले. टोपी उलगडली, त्याच्याजवळ आली आणि मानेवरच्या टाक्यांच्या वणाला धक्का न लावता ती त्याच्या डोक्यावर बसवून दोन्ही कानांवर अलगद ओढली.

“माप बराबर आलं,” ती म्हणाली.