मापाचा मास्क

दत्तोबांनी पिशवीतून मास्क चिमटीत धरून काढला आणि अनिताच्या मशीनवर ठेवला. "हा तुझ्या हातचा. कुणाचा, ते सांग."

दत्तोबा परंदवडीचे पोलीस पाटील. आदल्या दिवशी भरदुपारी कुणीतरी कस्तुराबाईंच्या घरात शिरून म्हातारीच्या गळ्यातली बोरमाळ ओढली होती. ती पडली, मांडीचं हाड मोडलं, आता तळेगावला दवाखान्यात होती. मोतीबिंदूमुळे चोराचं तोंड तिला दिसलं नाही. झटापटीत त्याचा मास्क मात्र तिच्या मुठीत राहिला.

अनिताने मास्क उलटा केला, मधली शिवण पाहिली आणि तो पुन्हा पालथा ठेवला. शिवलेला तिनेच होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ग्रामपंचायतीने निळ्या चौकड्याचा एकच तागा आणला, आणि गावाला नि डोंगराकडच्या वाडीला तिनेच मास्क शिवून दिले. त्यामुळे कापडावरून काही कळणार नव्हतं. माप मात्र तिने प्रत्येकाचं वेगळं घेतलं होतं. माझा मास्क ज्याचा त्यालाच बसतो, दुसऱ्याच्या नाकाशी फट राहते, असं ती ज्याला त्याला ऐकवायची. बढाई अशी कधीतरी अंगाशी येते.

गाव विकासचं नाव घेतंय, असं दत्तोबांनी सांगितलं. विकास हा वाडीवरच्या हिरीचा मुलगा. दोन दिवसांपूर्वी तो म्हातारीकडे सरपण टाकायला गेला होता. त्याचा स्वतःचा मास्क ओढ्यात वाहून गेला, असं तो सांगत होता. गावाला एवढं पुरे होतं. आमच्याकडे हवालदार यायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

विकासने हे केलेलं नाही, हे अनिताला पक्कं ठाऊक होतं.

"आबा, चोर सोडून संन्याशाला सुळी नको," ती म्हणाली. "नुसतं बघून सांगता येत न्हाई. मास्क हितं राहू द्या, विकासला माप द्यायला धाडा. चार वाजता समद्यांसमोर त्याला घालून बघा. बसला तर त्याचा, न्हाई बसला तर न्हाई."

दत्तोबांना ते पटलं. जाताना, धुऊनही ठेव, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्याच्या तोंडाचा, त्यात रोगराईचे दिवस. हवालदाराच्या हातात मळकं कसं द्यायचं, ही त्यांची काळजी.

आंबीची कंपनी बंद असल्यामुळे अनिताचा नवरा निलेश घरीच होता. पाटील गेल्यावर तोंडाला रुमाल गुंडाळून तोही गोठ्याकडे निघून गेला.

थोड्या वेळाने हिरी विकासला घेऊन आली. अनिताने दोघांना ओट्यावर बसवून चहा दिला. मग टेप घेऊन विकासचं माप घेतलं. नाकाच्या दांड्यापासून हनुवटीच्या खालपर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. गालफडं बसलेली, नाक अरुंद. पोरगा इतका थरथरत होता की हनुवटीचं माप तिला दोनदा घ्यावं लागलं.

हिरीने चहाला हात लावला नव्हता. "ताई, तुमच्या शब्दावर गाव चालंल," ती म्हणाली. "चौकीत माझ्या पोराला लय मारतील. त्याचा जीव तुमच्या हातात हाय."

अनिताला तिच्याकडे बघवेना. "मी बघते," एवढंच ती म्हणाली.

दोघं गेल्यावर तिने दाराला आतून कडी लावली. दोन वाजून गेले होते. तिने मधली शिवण ब्लेडने उसवली आणि नव्याने मारली. नाकावरची तार काढून पुन्हा वाकवली. हनुवटीकडचं कापड दुमडलं, इलॅस्टिक बदललं. दोरा त्याच रिळाचा होता, ते बरं झालं. जुन्या टाक्यांची भोकं ओली करून नखाने घासली, तेव्हा कुठे ती बुजली. एकदा सुई बोटात गेली.

तिला स्वतःची लाज वाटत होती. इतक्या वर्षांत तिने कुणाला खोटं माप दिलं नव्हतं. पण एक माणूस तुरुंगात जाण्यापासून वाचवायचा होता, आणि ते करणारं दुसरं कुणी नव्हतं. मास्क धुऊन तिने इस्त्रीने वाळवला. चारला दहा मिनिटं कमी होती.

देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. हवालदाराने मास्क नीट उलटून पालटून पाहिला आणि तो बसला की नाही हे कसं ओळखायचं, ते अनिताला विचारलं. ती म्हणाली, वरून चष्मा घालायला लावा. फट असेल तर श्वास वर येतो आणि काचांवर वाफ धरते.

हवालदाराने स्वतःचा चष्मा काढून दिला. विकासने मास्क चढवला, त्यावर चष्मा घातला. जोरात श्वास सोड, असं त्याला सांगितलं. त्याने सोडला. पुन्हा सोडला. हिरी हात जोडून काचांकडे बघत होती. दहा श्वास झाले, वीस झाले.

काचा स्वच्छ राहिल्या. नाकाशी, गालाशी, हनुवटीखाली, कुठेही बोट जाईल एवढी फट नव्हती.

"तुमचंच माप ना हे?" हवालदाराने विचारलं.

"व्हय," अनिता म्हणाली.

विकास काहीतरी सांगू लागला, पण गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. हिरी पोराजवळ गेली. सकाळपासून ती त्याच्यासाठी घरोघर पाया पडत फिरली होती. आता पहिल्यांदा तिने त्याला विचारलं, "विक्या, खरंच का रं?"

जीप गेली, माणसं पांगली. अनिता घराकडे निघाली. मागून निलेश येत होता.

"बरा बसला त्याला," तो म्हणाला.

अनिताने मागे वळून पाहिलं नाही. "दुपारपर्यंत तुमाला बसत व्हता."