आठवी पाकळी

नवरा गेल्यापासून गिरगावच्या त्या दोन खोल्यांत वैदेहीला दुपार खायला उठायची. म्हणून तिने कागद हाती घेतला. तो तीनदा दुमडायचा, कात्रीने नक्षी कापायची आणि हलकेच उलगडायचा. आठ पाकळ्या, आठही हुबेहूब सारख्या. तेवढा वेळ तिचं मन थाऱ्यावर असे.

मंगळवारी आठव्या पाकळीत एक भोक जास्त निघालं, बदामाएवढं. बुधवारी तेच, आणि गुरुवारीही.

"कात्री बोथट झाली असेल, वहिनी," नणंद ललिता म्हणाली.

"अगं, घड्या एकावर एक असतात. कापलं तर आठही पाकळ्यांत कापलं जाणार ना! एकीतच कसं?"

दोघींनी लादीवरचे कपटे वेचून पाहिले. त्या भोकाचा तुकडा कुठेच नव्हता.

शुक्रवारी भर दुपारी ललिताने कात्री स्वतःच्या मुठीत धरून ठेवली. वैदेहीने कोरा कागद दुमडून टेबलावर ठेवला आणि त्यावर पंजा दाबून धरला. खालून भंगारवाला ओरडत गेला. मग सगळं शांत झालं.

कच्.

ललिताने दचकून मूठ उघडली. कात्री मिटलेलीच होती.

कच्. कच्.

"वहिनी, हात काढ!"

वैदेहीने जीव खाऊन हात ओढला. तो निघेना. तळव्याखाली पोलादाचा गारवा लागला, आणि आवाज तिच्या करंगळीच्या कडेकडेने, नक्षी कापावी तसा अगदी बेताबेताने वर सरकू लागला.