काशीच्या मोबाइलवरचं गाणं

माझी बायको काशी वारल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा घरी राहिलेल्या तिच्या मोबाइलवर रिंगटोन म्हणून ठेवलेलं परशूचं गाणं वाजलं. परशू स्वतः गाणी रचतो, उळवीच्या जत्रेत गातो. काशी म्हणायची, “ऐका जरा, शाणं व्हाल.” त्या गाण्यात बायकोनं वाढलेलं ताट नवरा रागानं म्हशीपुढं ठेवतो. मीही एकदा तसंच केलेलं. बघायला फक्त काशी होती. मग परशूला सांगितलं कोणी? यंदा जत्रेत त्याला गाठलं, फोटो दाखवला. “हिनं तुला काय काय सांगितलं?” “मावशी पुढंच बसायची. बोलली कधीच न्हाई.” “खोटं बोलू नगं. ताटाचं कसं कळलं?” तो म्हणाला, “ती माझीच गोष्ट हाय, तात्या. बायकोची माफी मागितली, मगच गाणं रचलं. शेवटचं कडवं ऐकलं न्हाई व्हय?” ऐकलं नव्हतं. गाणं लागलं की मी उठून जायचो. काशीची माफी मागायची राहिली.