बेटावरचं स्थळ

तिसरी विहीर दिसली तेव्हा ज्योतीराम मामा मनापासून खूश झाले.

“पाण्याला कमी नाही हो तुमच्या बेटावर,” ते टेंपो चालवणाऱ्या बाळूला म्हणाले. “आमच्या सोसायटीत टँकर मागवावा लागतो.”

बाळूने मान डोलावली. नजर रस्त्यावरून हलवली नाही. त्याचे कान मात्र लाल झाले.

मागे हौद्यात सतरंजी अंथरून वर्षाराणी आणि बाळूची आई गवराबाई बसल्या होत्या. वर्षाराणी मामांबरोबर लग्नासाठी बाळूचं घर बघायला आली होती. धरणाच्या फुगवट्यात टेकडीचा माथा तेवढा वर राहिलेला; तेच हे बेट. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायचं तिचं काम. एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंमधला फरक शोधण्यात तिची शिफ्ट जायची. इथे फरक सापडत नव्हता. पहिल्या विहिरीच्या कठड्याला तडा होता आणि तड्यातून पिंपळाचं रोप आलं होतं. दुसरीलाही तडा, तिसरीलाही; आणि तिन्ही रोपांना पाच-पाच पानं. शिवाय टेंपो निघाल्यापासून एकदाही उजवीकडे वळला नव्हता.

तिने गवराबाईंकडे बघितलं. गवराबाई घाईने पाण्याकडे बघू लागल्या आणि तिच्या हातात मूठभर भुईमुगाच्या शेंगा कोंबल्या.

“खा गं. घरच्या हायत.”

पुढे मामा विचारत होते, “इकडे सगळ्या बायका हिरवंच लुगडं नेसतात वाटतं? प्रत्येक विहिरीवर बघतोय.”

“एका ठाणातलं घेतलंय सगळ्यांनी,” बाळू म्हणाला.

वर्षाराणीने हसू दाबायला एक शेंग फोडली.

चौथ्या विहिरीवर हिरव्या लुगड्यातल्या बाईने धुणं खाली ठेवलं आणि ओले हात कमरेवर घेऊन ती वाटेतच उभी राहिली. टेंपो थांबला.

“आरं बाळू, किती येळा हिकडनं जाशील? पाव्हण्यांस्नी चक्कर यील. च्या तर पाज!”

बाळूने इंजिन बंद केलं. मामांनी विहिरीकडे बघितलं, मग लुगड्याकडे, मग बाळूकडे.

“म्हणजे विहीर एकच?”

“एकच.”

“आणि बेट?”

“आत्तापर्यंत बघितलं, त्याचा तिसरा हिस्सा धरा.”

“फसवता का राव आम्हाला?”

“त्याला बोलू नका, पाव्हणं,” गवराबाई हौद्यातून म्हणाल्या. “म्याच सांगितलं फिरवाय. मागल्या येळी एक स्थळ आलं, त्यांस्नी चालत दावलं. च्याला उकळी यायच्या आत समदं बघून झालं, अन् गेली की ती माणसं! म्हणून या येळी दोन होड्या जोडून भावकीतला टेंपो आणला.”

“दोन होड्यांवर टेंपो?” मामा क्षणभर राग विसरले.

“धुणं टाकून बघाय आल्ते मी,” विहिरीवरची अंबुबाई म्हणाली.

मामा खाली उतरले. त्यांनी पँट झटकली आणि चेहरा पुन्हा गंभीर केला.

“लहान-मोठं जाऊ द्या. माझी भाची नोकरी करते आणि ती सोडणार नाही. कंपनीची बस तिला पलीकडे रस्त्यावर सोडेल. पुढे? तुम्ही नेमके बाहेरगावी असलात, तर हिने काय पोहत घरी यायचं?”

वर्षाराणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. हा प्रश्न ती घरून निघाल्यापासून स्वतःला विचारत होती. बाळू तिला आवडला होता. खोटं बोलताना ज्याचे कान लाल होतात, त्याच्याबरोबर राहणं तिला सोपं वाटत होतं. पण रोज कोणाची तरी वाट बघत काठावर उभं राहणं तिला जमणार नव्हतं.

“मावशी,” तिने विचारलं, “तुम्ही पलीकडे कशा जाता?”

“म्या? वल्हवत. सकाळी दूध घालाय जावं लागतं. ह्यो तवा झोपलेला असतो.”

“मला दाखवा.”

मामांना बाळूने घरी नेऊन पोहे दिले. ते बशी घेऊन ओट्यावर बसले आणि खाली काठाशी चाललेला प्रकार बघू लागले. होडी आधी दगडावर गेली, मग वेलींत. वर्षाराणीची ओढणी भिजली. गवराबाई समोर बसून ओरडत होत्या, “हातानं वढू नगंस, पाठीनं वढ!” अंबुबाई धुणं सोडून तिथेही आली होती.

“अगं, पाणी कापायचंय, धुवायचं न्हाई!”

सगळ्यात मोठ्याने वर्षाराणीच हसली. मामांनी पोहे आणखी घेतले.

उन्हं कलल्यावर मामा होडीत बसले. बाळूने वल्ह्यांना हात घातला.

“तुम्ही उतरा,” वर्षाराणी म्हणाली.

बाळूने आईकडे बघितलं. आईने दुसरीकडे बघितलं. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने होडी ढकलून दिली.

होडी वाकडीतिकडी निघाली, पण निघाली. वल्हवताना वर्षाराणीचं तोंड बेटाकडे होतं. बाळू अजून पाण्यातच उभा होता. मामा होडीचे दोन्ही काठ घट्ट धरून बसले होते. अर्धं पाणी ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

“अगं, पण होडी त्यांची! ही परत कोण नेणार?”

वर्षाराणीने पाठ मागे टाकून वल्ही ओढली.

“उद्या पहिली शिफ्ट आहे,” ती म्हणाली. “सुटले की नेऊन देते.”